कानसेनाची भूमिका

प्रश्न : ऑपेराच्या वेडावर एक अमेरिकन नाटक आहे म्हणे, पण त्यातली पात्रं गायक नाहीत. मग नटांनी करायचं तरी काय?

उत्तर : भांडायचं, आणि ऐकायचं. त्यातलं ऐकणं जास्त कठीण.

नाटक टेरेन्स मॅकनॅली यांचं, ‘द लिस्बन त्राव्हियाता’. ऑपेरा-गायिका मारिया कॅलास २७ मार्च १९५८ रोजी लिस्बनमध्ये व्हेर्दीची ‘ला त्राव्हियाता’ गायली. त्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण हे या नाटकातलं घबाड. मेंडी आणि स्टीफन हे न्यूयॉर्कमधले दोन अट्टल कानसेन. ती रेकॉर्ड स्टीफनकडे आहे, एवढं कळायचा अवकाश, मेंडीला ती आत्ताच्या आत्ता हवी! पण स्टीफनला घरी जाता येत नाही, कारण तिथे त्याचा जोडीदार माइक नव्या मित्राला घेऊन बसलाय.

मेंडी हा टाळ्या घेणारा भाग. जिभेला धार, हातवारे मोठे, कॅलासविषयी कुणी वावगं बोललं की अंगावर येणारा. १९८९ साली मॅनहॅटन थिएटर क्लबच्या प्रयोगात तो नेथन लेनने केला आणि ड्रामा डेस्क पारितोषिक मिळवलं. पण हशा वसूल करणं म्हणजे मेंडी नव्हे. आपल्याला कुणी नाही, आहेत त्या फक्त रेकॉर्डी, हे त्याला ठाऊक असतं. विनोदाच्या आड ते एकटेपण दिसलं नाही, तर उरतो नुसता विदूषक.

स्टीफनची भूमिका, माझ्या मते, त्याहून अवघड. पहिल्या अंकात तो मित्राच्या बडबडीला साथ देतो, पण त्याचं मन घरी अडकलेलं. दुसऱ्या अंकात माइक सोडून निघतो, तेव्हा या माणसाजवळ दुःखासाठी स्वतःचे शब्दच नाहीत. सगळं ऑपेरातून उसनं आणलेलं. नटाने इथे आवाज चढवला की गेलं! तेच तर ऑपेरा करतो.

मॅकनॅलींनी १९९५ च्या ‘मास्टर क्लास’मध्ये खुद्द कॅलासलाच रंगमंचावर आणलं. तीही गात नाही. एकदाच तोंड उघडते आणि येतो फाटका आवाज. एरवी शिष्यांना फैलावर घेते, आणि मधेच आपलंच जुनं गाणं सुरू होतं. झोई कॉल्डवेलला या भूमिकेसाठी टोनी मिळालं. तिलाही ऐकायचंच होतं, फक्त स्वतःला.