छपरावरील पाणी आणि कायदा

घराच्या छपरावर पडलेला पाऊस घरमालकाचा, ही गोष्ट आपल्याला स्वयंसिद्ध वाटते. जगात सर्वत्र मात्र तसे मानले जात नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो या कोरड्या राज्यात, ज्याने नदीचे पाणी प्रथम उपयोगात आणले त्याचा हक्क श्रेष्ठ, हे तत्त्व राज्यघटनेतच आहे. पावसाचे पाणी अखेर नदीस मिळणार. तेव्हा ते वाटेत अडविणे म्हणजे खालच्या अंगाच्या हक्कदाराचे पाणी घेणे होय, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. परिणामी पन्हळीखाली पिंप ठेवणेदेखील बेकायदा ठरले. वस्तुतः अशा प्रदेशात पडणाऱ्या पावसाचा फार मोठा भाग नदीपर्यंत पोचतच नाही. माती व झाडेझुडपे तो शोषून घेतात, उरलेला हवेत विरतो. अभ्यासांती हे दिसून आल्यावर २००९ मध्ये विहिरीवर अवलंबून असणाऱ्या काही ग्रामीण घरांना सवलत मिळाली, आणि २०१६ मध्ये सामान्य घरांना दोन पिंपे ठेवण्याची मुभा देण्यात आली. दोन्ही मिळून ११० गॅलन, म्हणजे सुमारे ४१६ लिटर. तेही घराबाहेरील वापरापुरते!

आपल्याकडे हा अडसर नाही. ठराविक प्रवाहातून न वाहणारे, आपल्या जमिनीवरील पाणी आपल्याच हद्दीत साठविण्याचा व त्याचा विनियोग करण्याचा जमीनमालकाचा अधिकार १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टमध्ये स्पष्टपणे नमूद आहे. तेथे कायद्याकडून परवानगी मिळवावी लागली, येथे कायद्याला सक्ती करावी लागते. तामिळनाडूने २००३ मध्ये नव्याजुन्या सर्व इमारतींना ही व्यवस्था बंधनकारक केली. महाराष्ट्रातील अनेक शहरांतही बांधकाम परवानगीस तशी अट जोडलेली असते. परंतु भोगवटा प्रमाणपत्र हाती पडेपर्यंतच ज्या नळीची आठवण राहते, ती दुसऱ्या पावसाळ्यात पालापाचोळ्याने तुंबलेली असावी यात नवल नाही. अट नकाशात पुरी होते, छपरावर नाही.

पश्चिम राजस्थानातील थर वाळवंटात याच्या उलट चित्र दिसते. तेथे कित्येक ठिकाणी भूजल खारे असल्यामुळे ‘टांका’ नावाचे जमिनीखालील बंदिस्त टाके हाच पिण्याच्या पाण्याचा भरवसा. त्याभोवतीचे उतरते अंगण, म्हणजे ‘आगोर’, पावसापूर्वी झाडून स्वच्छ करतात व तेथे गुरांना फिरकू देत नाहीत. ही शिस्त कोणत्याही नियमावलीतून आलेली नाही.

आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांपुरता हिशेब सोपा आहे. ५० चौरस मीटर छप्पर आणि वर्षाचा ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर २५,००० लिटर पाणी पडते. पाचवा भाग वाया गेला तरी २०,००० लिटर उरते. पिणे व स्वयंपाक यांसाठी रोज ४० लिटर वापरणाऱ्या कुटुंबास ते वर्षभर पुरून उरेल. अडचण टाक्याच्या खर्चाची आहे, हे मान्य केले पाहिजे. एवढे मोठे टाके प्रत्येकास परवडणार नाही. मात्र शाळा, ग्रामपंचायत कार्यालय व समाजमंदिर यांची छपरे सार्वजनिक आहेत. तेथून आरंभ करण्यास कोणाची हरकत असणार? मृगापूर्वी पन्हळी साफ करणे, पहिल्या सरींचे पाणी टाक्यात न घेता बाहेर सोडणे आणि डास होऊ नयेत म्हणून झाकण घट्ट ठेवणे, ही कामे कोणी करावयाची, त्यांची नावे ग्रामसभेच्या ठरावातच नोंदवून ठेवावीत.