सलाईनच्या बाटलीवर चाललेली गाडी

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरहून एक रस्ता मेहकरला जातो, एक बीबीवरून सिंदखेडराजाला आणि एक लोणारला. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे या भागातल्या मोटारसायकली याच जुन्या रस्त्यांवर धावतात आणि बिघडल्या की रस्त्याकडेच्या पत्र्याच्या टपरीत दुरुस्त होतात. अशा टपऱ्यांत आढ्याला टांगलेली सलाईनची बाटली बऱ्याचदा दिसते. तिच्यात सलाईन नसतं, पेट्रोल असतं. टाकी उतरवलेल्या गाडीला नळीने तात्पुरतं पेट्रोल पुरवलेलं असतं. अशाच एका बाटलीची खूण माझ्या डाव्या हातावर कोपरापर्यंत आहे.

मिस्त्री हे करतो त्याला कारण आहे. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, आणि पेट्रोल आपल्या वजनानेच उतरतं. कार्बोरेटरच्या वाटीत एक फ्लोट तरंगतो. वाटी भरली की तो वर येतो आणि सुई पेट्रोलची वाट बंद करते. टाकीत गंज धरला, पाणी शिरलं किंवा टाकी वेल्डिंगला गेली, तर इंजिन चालवून बघायला पेट्रोल दुसरीकडून द्यावं लागतं. सलाईनची बाटली फुकट मिळते, किती उतरलं ते दिसतं, आणि नळीवरचं चाक फिरवून धार कमी-जास्त करता येते. डोकं लढवूनच काढलेला उपाय आहे हा. घात करतं ते सामान.

पेरणीचे दिवस होते. माझी १०० सीसीची जुनी गाडी चढावर बंद पडायची. टाकीतून लाल गंज निघाला, म्हणून मिस्त्रीने टाकी उतरवून धुवायला ठेवली, कार्बोरेटर साफ केला आणि बाटली जोडली. पावसाची सर आत येत होती, म्हणून शटर अर्धं खाली ओढलं. बाटली टांगायचा खिळा हलत होता, तेव्हा ती मीच हातात धरली. पहिल्याच किकला गाडी चालू झाली आणि सगळ्यांचं लक्ष आवाजाकडे गेलं. मिस्त्री एअर स्क्रू फिरवत होता. पाचेक मिनिटांनी शिकाऊ पोरगं ओरडलं, “भाऊ, नळी सुटू राह्यली!” तोवर नळी निसटली होती. धार तापलेल्या सिलिंडरवर पडली, भपकन जाळ झाला, आणि मी घाबरून बाटली फेकून दिली. तिच्यातलं पेट्रोल जमिनीवर पसरलं आणि जाळही पसरला. मिस्त्रीने ओलं पोतं टाकलं, पोराने शेजारच्या बांधकामाची वाळू ओतली. सीट जळाली, माझा हात भाजला.

नंतर शांतपणे पाहिलं तेव्हा सगळं डोळ्यांसमोरच होतं. सलाईनची नळी पीव्हीसीची असते आणि ती औषधासाठी बनवलेली असते. पेट्रोल लागलं की ती फुगते, मऊ पडते, तोंडावरची पकड सोडते. पेट्रोल उडून गेलं की कडक होऊन तडकते. एकदा वापरलेली नळी दुसऱ्यांदा वापरणं तर आणखी वाईट. त्या दिवशी नळीला क्लिप नव्हती. प्लगची कॅप तडकलेली होती आणि दमट हवेत तिथून ठिणगी बाहेर उडत असावी. अर्ध्या शटरमुळे आत वारा नव्हता. यातली एकच गोष्ट असती तर कदाचित निभावलं असतं.

पेट्रोलचा स्वभाव आपण रोज हाताळतो म्हणून विसरतो. उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही त्याची वाफ पेट घेऊ शकते. मग विदर्भातल्या उन्हाळ्याचं काय सांगावं! ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत जाते आणि दूर पेटलेल्या चुलीला, विडीला, वेल्डिंगच्या ठिणगीला जाऊन भेटते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली तरी भडका उडायला पुरते. डिझेल त्या मानाने सहज पेटत नाही. तरीही १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे समृद्धीवर उलटलेली बस पेटली आणि २५ प्रवासी गेले. ती वेगळी घटना होती, मोठी होती. पण सांडलेलं इंधन माणसाला बाहेर पडायला किती कमी वेळ देतं, हे बुलढाणा जिल्ह्याला नव्याने सांगावं लागू नये.

कायद्यानेही भांड्याचा विचार फार आधी केला आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना जवळ ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काचेचं किंवा मातीचं असेल तर एका लिटरपेक्षा मोठं नको. या नियमांची देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, ‘पेसो’चं, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

मग टाकी काढल्यावर करायचं काय? सगळ्यात चांगली तात्पुरती टाकी म्हणजे गाडीचीच टाकी. ती स्वच्छ असेल तर कार्बोरेटरपेक्षा उंच अशा पक्क्या स्टुलावर ठेवावी आणि पेट्रोलसाठीच बनवलेला लांब रबरी पाइप दोन्ही टोकांना क्लिपा लावून जोडावा. झाकणाला हवेचं छिद्र आणि खाली कॉक, दोन्ही तिच्यात असतातच. टाकी वेल्डिंगला गेली असेल तर भंगारातल्या पेट्रोल फवारणी पंपाची छोटी टाकी घ्यावी. ती पेट्रोलसाठीच बनवलेली असते. फक्त आधीचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल पूर्ण काढून टाकावं. हवेचं छिद्र बुजलं की आत पोकळी होते, पेट्रोल अडतं आणि इंजिन गचके देतं. मग मिस्त्री नसलेला दोष कार्बोरेटरमध्ये शोधत बसतो. टाकी मूळ जागेपेक्षा फार उंच टांगू नये, नाहीतर दाब वाढून सुई गळू लागते आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होतं.

पेट्रोल पावशेर पुरे. हातात काहीही धरू नये. चालू इंजिनवर पेट्रोल ओतू नये. उभ्या गाडीला वारा लागत नाही, तेव्हा समोर पंखा लावून चार-पाच मिनिटांत काम आटपावं. गाडी उघड्यावर काढावी, कारण बंद टपरीत आगीइतकाच धोका कार्बन मोनॉक्साइडचा असतो, आणि त्याला वास नसतो. बंद करताना आधी कॉक बंद करावा आणि वाटीतलं पेट्रोल इंजिनलाच संपवू द्यावं, म्हणजे पाइप काढताना सांडत नाही. गाडी नुसती चालू होते का एवढंच बघायचं असेल, तर वाटीत उरलेलं पेट्रोलच पुरतं. टाकीबिकी काही लागत नाही. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायची सवय तर आजच सोडावी. दोन थेंब फुप्फुसात गेले तरी माणूस दवाखान्यात जातो, आणि गिळलं गेलं तर उलटी काढायची नसते.

हे सगळं कार्बोरेटरच्या गाडीपुरतं. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकींत इंजेक्शन आहे. त्यांचा पंप टाकीच्या आत बसतो आणि साधारण तीन बारच्या आसपास दाबाने पेट्रोल ढकलतो. वर टांगलेल्या बाटलीचं वजन तिथे काहीच करू शकत नाही. दाब न उतरवता पाइप सोडला तर पेट्रोल फवाऱ्यासारखं अंगावर येतं, आणि पेट्रोलवाचून कोरडा फिरवलेला पंप जळतो. अशा गाडीला तात्पुरती टाकी लावायचा प्रयत्नच करू नये.

शेजारी वाळूची बादली आणि शक्य असेल तर पावडरचं अग्निशामक हवं. जळत्या पेट्रोलवर पाणी मारलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी दूर जातं. भाजलेल्या अंगावर मात्र पाणीच, साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. माझ्या हातावर टूथपेस्ट लावली होती. जखमेतून ती काढताना झालेल्या वेदना भाजण्यापेक्षा जास्त होत्या.

लांब पाइप आणि दोन क्लिपा फार महाग नसतात. तुमच्या गाडीची टाकी उतरवली जाईल तेव्हा त्या आणून मिस्त्रीच्या हातात द्या, आणि आढ्याला बाटली टांगलेली दिसली तर गाडी चालू करू देऊ नका.