तीन हिरवे दिवे

लढाऊ विमानांच्या सर्किटमध्ये अंडरकॅरेज, म्हणजे चाके, डाऊनविंडवर (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेच्या टप्प्यात) खाली घेतात. विमान धावपट्टीवर वेगाने येते, 'ब्रेक' नावाचे तीव्र वळण घेते, वेग उतरतो आणि तो चाकांच्या मर्यादेत आला की लिव्हर खाली करतात. बिदरच्या तळावर 2008 मध्ये दाखल झालेल्या हॉक विमानात ही मर्यादा 200 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 370 किलोमीटर आहे. त्याहून जास्त वेगात चाके काढली तर वाऱ्याच्या माऱ्याने झडपांना इजा होते.

लिव्हरची मूठ चाकाच्या आकाराची असते. न बघताही हाताला ओळखू यावी म्हणून. ती खाली जाताच पोटाखाली घरघर होते, आणि एकेक चाक खाली येऊन पक्के बसले की त्याचा हिरवा दिवा लागतो. तिन्ही दिवे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'थ्री ग्रीन्स' म्हणू नये.

चूक सहसा पहिल्या फेरीत होत नाही. टच अँड गो, म्हणजे टेकताच पुन्हा उड्डाण, लागोपाठ सुरू झाले की जीभ सरावते आणि डोळे मागे राहतात. एका तळावर प्रवासी विमानासाठी डाऊनविंड लांबवायला सांगितल्यावर शिकाऊ वैमानिकाने लिव्हर वरच असताना 'थ्री ग्रीन्स' म्हटल्याचे प्रस्तुत लेखकाने मागच्या आसनावरून ऐकले आहे. आवाजात तसूभरही शंका नव्हती. लोहगाव किंवा दाबोळीसारख्या, नागरी वाहतूकही असलेल्या धावपट्ट्यांवर असे व्यत्यय रोजचेच. व्यत्यय आला की तपासणी पहिल्या मुद्द्यापासून करावी, सोडली तिथून नव्हे.

उड्डाणानंतर विमान निश्चित चढते आहे हे दिसल्यावरच चाके वर घ्यावीत. घाईने घेतली आणि विमान थोडे जरी खचले, तर पोट धावपट्टीला लागते. चाकांचे ब्रेक तापलेले असतील तर एक फेरी चाके खालीच ठेवून त्यांना वारा लागू द्यावा, कारण तापलेला टायर आत फुटू शकतो. काही प्रशिक्षक सगळ्याच फेऱ्यांत चाके खाली ठेवतात. सुरुवातीला ते ठीक. एकट्याने उडण्याआधी मात्र प्रत्येक फेरीत चाके वर-खाली करण्याची सवय हवीच.

शेवटची नजर धावपट्टीच्या टोकाशी दुर्बीण घेऊन बसलेल्या रनवे कंट्रोलरची असते. त्याने लाल फ्लेअर उडवला तर दिवे पुन्हा बघत बसू नये. थ्रॉटल पूर्ण पुढे करून ओव्हरशूट करावे, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावे.