दिनविशेष आणि कवितेचे साचे

निवासी शाळेचे वर्ष दिनविशेषांनी बांधलेले असते. ३ जानेवारी, २७ फेब्रुवारी, ८ मार्च, १४ एप्रिल, २६ नोव्हेंबर. प्रत्येक दिवसासाठी फलक सजतो, भाषणे होतात आणि कोणाकडून तरी कविता मागितली जाते. अशी मागणीवरून आलेली कविता बहुधा विशेषणांनी गच्च भरलेली असते. नाव बदलले की तीच दुसऱ्या जयंतीलाही चालते. या दोषावर उपाय म्हणून आम्ही काही दिवसांना एकेक जुना रचनाप्रकार जोडून पाहिला.

प्रारंभ सावित्रीबाईंच्या जयंतीपासून केला. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ सालचा. जोतीरावांनीही अभंगाच्या वळणाचे ‘अखंड’ रचले. म्हणून त्या दिवसासाठी मोठा अभंग निवडला. त्याचा नियम सोपा आहे: पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक. जोडाक्षर एकच अक्षर मोजावयाचे, लघु-गुरूचा विचार नाही. सातवीतील एका मुलीच्या पहिल्या मसुद्यात ‘क्रांतिज्योती’, ‘ज्ञानज्योती’ अशा पदव्यांची रांग होती. एका पदवीने चार अक्षरे खाल्ली की चरणात उरतात दोन! ती बोटांवर मोजीत बसली, चिडली आणि शेवटी विचारती झाली, “सर, अंगावर शेण पडल्यावर त्या शाळेत कशा शिकवायच्या?” सावित्रीबाई जास्तीचे लुगडे सोबत नेत, ही प्रसिद्ध आठवण आम्ही सांगितली. दुसऱ्या दिवशी तिने लिहून आणले:

पिशवीत एक । लुगडे वेगळे ।
शेण अंगी गळे । तरी चाले ॥

यात एकही विशेषण गौरवाचे नाही. ते काम आमच्या लाल शाईने केले नव्हते, सहा अक्षरांच्या अडचणीने केले होते.

संविधान दिनी पोवाडा घेतला आणि तो साफ फसला. डफ होता, ‘जी जी’ म्हणणारे झीलकरी होते, पण समता, बंधुता या तत्त्वांना चालायला पाय नव्हते. पोवाड्याला प्रसंग लागतो: कोणी निघाला, कोठे पोहोचला, काय घडले. जोतीरावांचा १८६९ सालचा शिवाजी महाराजांवरील पोवाडाही चरित्राच्या आधारानेच पुढे जातो. चूक मुलांची नव्हती, निवड आमची चुकली होती. पुढे हाच साचा २० मार्च १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याला लावला, तेव्हा चौक आपोआप उभे राहिले. मराठीत शिरीष पै यांनी रुजवलेला हायकूही एकदा पावसाळ्यात करून पाहिला. मुलांना तो आवडला, पण पाच-सात-पाच मोजण्यातच तास संपला.

आमचे मन गुंतले ते ८ मार्चच्या ओवीत. जात्यावरच्या ओवीला अभंगासारखी ठरीव अक्षरसंख्या नसते. गळा आणि जात्याची फेरी हेच तिचे माप. हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत बाबासाहेबांवर स्त्रियांनी गायिलेल्याही आहेत. पण आमच्या मुलांनी जाते फिरताना पाहिलेले नव्हते. त्यात मार्च म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. अनेकांच्या आया त्या दिवशी फडात असतात, आणि आपण येथे महिला दिनाचा फलक रंगवितो. नववीतील एका मुलीने दोनच ओळी दिल्या:

उसाच्या फडामंदी, आई बांधते ग मोळी
वसतिगृहात माझ्या, गरम येते पोळी

व्यासपीठावर त्या वाचावयास तिने नकार दिला. आग्रह करावा असे आम्हांपैकी काहींना वाटले. तो केला नाही, हे बरे झाले. ओवी भित्तिपत्रकावर नावाविना लागली.

हंगाम संपल्यावर, १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला तिची आई आली. मुलीने तिला भित्तिपत्रकाजवळ नेऊन ओळी हळूच वाचून दाखविल्या. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दुसऱ्या ओळीतबी ‘ग’ पायजे, न्हाईतर गळा अडतो,” आणि ‘गरम ग येते पोळी’ असे तिने तेथेच गाऊन दाखविले. या अंकात ती ओवी आईच्या दुरुस्तीसह छापली आहे.