भिंत, अक्षर आणि प्रतिमा : प्रोटेस्टंट उपासनास्थळातील दृश्यकला

‘प्रोटेस्टंट चर्चमध्ये चित्रे नसतात’ हे विधान आपण अनेकदा ऐकले असेल. ते अर्धेच खरे आहे. झ्विंग्लीच्या प्रभावाखाली १५२४ मध्ये झ्युरिकच्या चर्चमधून प्रतिमा काढल्या गेल्या. ल्यूथरने मात्र प्रतिमाभंजनाला विरोध केला, आणि विटेनबर्गच्या चर्चमध्ये १५४७ मध्ये क्रानाखची वेदीचित्रे बसली. ल्यूथरचा आक्षेप चित्रावर नव्हता, चित्राच्या पूजेवर होता.

महाराष्ट्रात दोन्ही वृत्ती आल्या. १८५८ मध्ये समर्पित झालेल्या कुलाब्याच्या अँग्लिकन अफगाण चर्चमध्ये विल्यम वेल्सच्या रंगीत काचा आहेत. याउलट १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा साधेपणाची. तिथे प्रवचनपीठ मध्यवर्ती, कारण देवाचे वचन ऐकायचे असते.

पण ते वचन भिंतीवर रंगवले जाते तेव्हा काय होते? माझ्या मते हाच या घटकाचा गाभा आहे. वेदीमागे कमानीच्या आकारात काढलेली देवनागरी ओळ वाचली जाते, तशीच पाहिलीही जाते. रंग, शिरोरेषा, अक्षरांची जाडी यांमुळे ती चित्रच ठरते. (रंगाऱ्याला हे आपल्याआधी कळलेले असते!) आपल्या नंदुरबार जिल्ह्यात ज्यांची घरची बोली मावची किंवा पावरी आहे, त्यांच्यासमोर ही ओळ प्रमाण मराठीत येते. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी ती निव्वळ आकृती असते. मूर्ती नाकारणाऱ्या परंपरेत अक्षराला प्रतिमेचे स्थान मिळते, ते असे.

चित्र मात्र दुसऱ्याच वाटेने परतले. पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम अँग्लिकन परंपरेचा. तेथे राहून काम करणारे अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) मात्र गोव्याचे कॅथलिक. अवनींद्रनाथ टागोरांच्या या शिष्याने मरियेला साडी नेसवली. ख्रिस्ताचा चेहरा युरोपीय असलाच पाहिजे का, हा प्रश्न त्यांनी रंगांतून विचारला. गोव्यातील कॅथलिक वर्तुळातून त्यांना विरोध झाला, आणि आधार मिळाला तो दुसऱ्या पंथाच्या अंगणात.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एखाद्या चर्चला, तेथील पाळकांची परवानगी घेऊन, भेट द्या. भिंतीवर काय लिहिले आहे, कोणत्या भाषेत, आणि बसलेल्या माणसाची नजर प्रथम कोठे जाते, हे शंभर शब्दांत नोंदवा.