पत्रा नव्हे, वेल्डिंग

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये वाढलेल्या माणसाचा अर्ध्या मिलिमीटरच्या स्टीलवर फार विश्वास असतो. चौफेर भांड्यांचे कारखाने. पत्रा प्रेसखाली जातो, डबा होऊन बाहेर येतो आणि नातवंडांच्या हाती गेला तरी गळत नाही. त्याच भरवशावर मी ३१६एल स्टीलचं एक वॉटर जॅकेट मेटल थ्रीडी प्रिंटिंगने करायला दिलं. सेन्सरभोवती बसणारी दुहेरी भिंतीची नळी, मधून पाणी फिरणार. भिंत ०.५ मिलिमीटर लिहिली आणि निर्धास्त झालो. कॉलर १.५ ची होती. तिच्यात ओ-रिंगसाठी लेथवर १ मिलिमीटर खोल खाच घेतली, म्हणजे तळाशी तिथेही अर्धाच उरला.

कॉम्प्रेसरची नळी जोडून ४ बार हवा भरली आणि भाग बादलीत बुडवला. खाचेच्या तळातून मोहरीएवढे बुडबुडे निघाले, एका ओळीत, अगदी शिस्तीत. शेजारच्या पॉलिशवाल्याने भाग हातात घेऊन पाहिला. "साहेब, एमरी मारून बफ करून देतो, बंद होईल." खरोखरच बंद झालं! पुन्हा बादली, पुन्हा हवा, एकही बुडबुडा नाही. मी माल पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाचा फोन: "तुमच्या जॅकेटला घाम येतोय."

परत आलेला भाग उभा कापला, कापलेली बाजू घासली आणि भिंगाखाली धरली. पृष्ठभागाच्या जरा खाली काळ्या ठिपक्यांची माळ होती. त्याचं कारण यंत्राच्या कामातच आहे. लेझर धातूच्या पावडरीच्या प्रत्येक थराची बाहेरची कड वेगळी आखतो आणि आतला भाग वेगळ्या रेषांनी भरतो. जिथे ही भरण कडेला येऊन वळते, तिथे बारीक पोकळ्या राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त. माझ्या लेथने वरची घट्ट साल काढली आणि ती माळ उघडी पाडली. बफिंगने धातू नुसता वर सारवला गेला होता.

इस्रोने मे २०२४ मध्ये महेंद्रगिरीला पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं, असंच थ्रीडी प्रिंटिंगने केलेलं पीएस४ इंजिन ६६५ सेकंद चालवून दाखवलं. १४ भागांचं एक झालं, १९ वेल्ड वाचले, हे आपण कौतुकाने वाचलं. ते खरंच आहे. पण त्या एका भागात लेझरने घातलेले टाके मोजायला बसलात तर लाखांत जातील. माझा थर ०.०३ मिलिमीटरचा होता. ६० मिलिमीटर उंचीला २,००० थर. रोलमधून दाबून निघालेल्या पत्र्याचा घट्टपणा इथे गृहीत धरायचा नसतो.

तेव्हापासून दाब धरणारी भिंत मी किमान १ मिलिमीटर ठेवतो, तीही मशीनिंग झाल्यावर उरलेली. खाचेचा तळही भिंतच असतो, हे मी ड्रॉइंगवर लाल शाईने लिहितो. आडवं भोक गोल न ठेवता वरून थेंबासारखं निमुळतं करतो. नाहीतर छताचा भाग खालच्या मोकळ्या पावडरीवर वितळून लोंबतो आणि तिथली भिंत खडबडीत, बेभरवशाची होते. भाग ज्या प्लेटवर छापला जातो, त्याच प्लेटवर त्याच जाडीची एक छोटी बंद नळीही छापून घेतो. गळायचं असेल तर आधी तिने गळावं.

कोणी म्हणेल, हिप करून घ्या. मीही विचारलं होतं. हिपमध्ये उष्णता आणि आर्गॉनचा प्रचंड दाब देऊन आतल्या बंद पोकळ्या मिटवतात. पण बाहेरून उघड्या पोकळीत आर्गॉनच शिरतो, मग ती मिटणार कशी? म्हणून करायचंच तर मशीनिंगच्या आधी.

क्रमही आता ठरला आहे: प्लेटवर असतानाच ताण उतरवायची उष्णता, मग कापणी, लेथ, आणि बादली. भाग गॅससाठी असेल तर बादलीवर भागत नाही, हेलियमची चाचणी लागते. पॉलिशवाल्याकडे भाग बादलीतून पास झाल्यावरच जातो. तो अजून विचारतो, "आधी का नाही देत, साहेब?"