छत्तीस गढांचा नकाशा, वीस बाजूंचा फासा

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिका-खेळात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र वठवतो आणि एक जण सूत्रधार होतो, ज्याला खेळणारे ‘डीएम’ म्हणतात. राजे, चोर, राक्षस आणि पाऊसपाणी असे उरलेले सगळे जग हा सूत्रधार सांभाळतो आणि नुसत्या बोलण्याने ज्याचा निकाल लागत नाही ते फाशांवर सोपवतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला पहिला छापील खेळ. तोही युद्धखेळाच्या नियमांत केलेल्या दुरुस्त्यांतूनच जन्मलेला असल्यामुळे नियमांशी खटपट करण्याची खोड त्याला जन्मजात आहे. रायपूरच्या शंकर नगरात, जिथे मराठी घरातली मुले आईशी मराठी, मित्रांशी हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी बोलतात व नियमपुस्तक मात्र इंग्रजीत वाचतात, तिथे पुस्तकातले बर्फाळ डोंगर आणि ओकवृक्षांची राने लवकरच परकी वाटू लागतात आणि सूत्रधार मोहिमेत, म्हणजे महिनोन्महिने चालणाऱ्या सलग कथानकात, फेरफार करायला घेतो. हे फेरफार दोन जातींचे असतात, जगाचे आणि गणिताचे. अनुभव असा की पहिल्या जातीचे धाडसाने केले तरी बहुधा निभावतात आणि दुसऱ्या जातीचे बिचकत केले तरी अंगाशी येतात.

जगाच्या बाबतीत रायपूरच्या सूत्रधाराला आयती इस्टेट मिळाली आहे असे म्हटले तरी चालेल. परंपरेने शिवनाथ नदीच्या उत्तरेला कलचुरी राजवंशाच्या रतनपूर शाखेचे १८ आणि दक्षिणेला रायपूर शाखेचे १८ असे छत्तीस गढ मानले जातात. कागदोपत्री एका गढात ८४ गावे, १२ गावांचा एक ‘बरहों’, गढावर दीवान, बरहोंवर दाऊ आणि गावावर गौंटिया अशी उतरंड होती. मोहिमेचा नकाशा रचताना नेमकी अशीच उतरंड हवी असते, कारण नवख्या पात्रांचे भांडण गौंटियाशी, थोड्या मुरलेल्यांचे दाऊशी आणि नामांकितांचे दीवानाशी लागले, तर पात्रांची पातळी वाढेल तसतसे त्यांचे जगही आपोआप रुंदावत जाते आणि सूत्रधाराला दर बैठकीत नवा, अधिक मोठा राक्षस उकरून काढावा लागत नाही. भुयारांसाठीही फार दूर जायला नको. बस्तरमधील कांगेर खोऱ्यातली कोटुमसर गुहा चुनखडकाची असून तिच्या काळोखात आंधळे मासे आहेत आणि पावसाळ्यात ती पाण्यामुळे बंद ठेवावी लागते. या शेवटच्या तपशिलाचे मोल सूत्रधाराने विशेष ओळखावे, कारण ज्या भुयारात पहिल्या मोठ्या पावसाबरोबर पाणी शिरणार आहे तिथे खेळाडू दाराशी तासभर खल करत बसत नाहीत.

याच भूमीतले काही मात्र उचलू नये. लोककथांतली ‘टोनही’, म्हणजे करणी करणारी मानलेली स्त्री, राक्षसांच्या यादीत घालण्याचा मोह जवळपास प्रत्येक सूत्रधाराला होतो. पण बायकांना टोनही ठरवून छळण्याच्या प्रकारांमुळे छत्तीसगढला २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला आणि महाराष्ट्रानेही २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तेव्हा जिच्यावर खऱ्या गावात आळ येतो तिलाच खेळात तलवारीने मारण्यात गंमत कसली, हा प्रश्न टेबलावरची एखादी मुलगी विचारतेच, आणि तिच्यापुढे कोणतेही उत्तर तोकडे पडते. नागपूरच्या भोसल्यांचे प्रकरण याहून सौम्य असले तरी नाजूकच आहे. १७४१ मध्ये त्यांचे सेनापती भास्करपंत यांची फौज रतनपुरावर आली आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथे राहून कारभार पाहू लागले. मराठी घरातला खेळाडू सहजच त्या फौजेकडून उभा राहतो आणि शेजारचा छत्तीसगढी मित्र रतनपूरच्या हैहय, म्हणजेच कलचुरी, राजाकडून, आणि मग खेळ बाजूला राहून खंडणीचा हिशेब सुरू होतो. सत्तांतराचा आराखडा ठेवून नावे बदलावीत, हा त्यावरचा सोपा उतारा. छत्तीसगढी बोलणारे प्रत्येक पात्र भोळे किंवा हास्यास्पद करण्याची सवयही अशीच नकळत लागते, आणि ती मोडण्यासाठी गढातला सर्वांत कावेबाज दाऊ त्याच बोलीत बोलता ठेवावा.

आता गणित. या खेळाचा मुख्य फासा वीस बाजूंचा असतो, त्यामुळे त्याची प्रत्येक बाजू वर येण्याची शक्यता ५ टक्के असते. शंकर नगरातल्या एका बैठकीत लढाया मिळमिळीत होतात म्हणून सूत्रधाराने घरचा नियम घातला, की हल्ला करताना १ पडला तर हातातले शस्त्र निसटून पडेल. पहिले काही आठवडे हशा पिकला. पण या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत योद्धा पाचव्या पातळीला एका खेपेत दोन, अकराव्या पातळीला तीन आणि विसाव्या पातळीला चार वार करतो, आणि प्रत्येक वाराला फासा वेगळा टाकावा लागतो. म्हणून एका खेपेत निदान एकदा तरी १ पडण्याची शक्यता नवशिक्याला ५ टक्के असते ती दोन वारांना सुमारे १०, तीन वारांना १४ आणि चार वारांना साडेअठरा टक्क्यांवर जाते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती तो असा: जितका योद्धा निष्णात, तितकी त्याची तलवार अधिक वेळा मातीत. शेजारी बसलेला मांत्रिक मात्र बहुतेक मंत्रांसाठी स्वतः फासा टाकतच नाही, त्यांपासून वाचण्यासाठी शत्रूला तो टाकावा लागतो, त्यामुळे या नियमाची झळ त्याला जवळजवळ लागली नाही. योद्धा वठवणाऱ्या मुलाने तक्रार केली नाही; तो आधी गप्प झाला, मग शिकवणीचे कारण सांगून येईनासा झाला, आणि कारण कळायला बाकीच्यांना फार उशीर लागला. नियम बिघडल्याचे लक्षण बहुधा असेच गैरहजेरीच्या रूपाने दिसते, म्हणून घरचा प्रत्येक नियम लागू करण्याआधी तो कोणत्या पात्राला किती वेळा फासा टाकायला लावतो, हे कागदावर मोजून पाहावे.

विश्रांतीच्या नियमांना हात लावतानाही हीच काळजी घ्यावी लागते. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या मूळ नियमांप्रमाणे एक तासाची छोटी विश्रांती आणि आठ तासांची मोठी विश्रांती असे दोन प्रकार असून वॉरलॉकसारख्या, म्हणजे कुण्या गूढ शक्तीशी करार करून मंत्र मिळवणाऱ्या, पात्राचे मंत्र छोट्या विश्रांतीने परततात आणि विझर्डचे, म्हणजे वर आलेल्या मांत्रिकाचे, मुख्यतः मोठ्या विश्रांतीने. खेळ कठीण करायचा म्हणून छोटी विश्रांती रद्द केली, तर त्याचा दंड मुख्यतः वॉरलॉकसारख्या पात्रांना भरावा लागतो. त्यापेक्षा सूत्रधारासाठीच्या पुस्तकातच सुचवलेला पर्याय बरा, ज्यात छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची होते. रतनपूर ते रायपूर हे अंतर सुमारे १४० किलोमीटर. खेळातली साधी चाल दिवसाला २४ मैल, म्हणजे सुमारे ३९ किलोमीटर, धरली तर प्रवास चार दिवसांचा होतो. मूळ नियमांत पात्रे रोज सकाळी ताजीतवानी उठतात, त्यामुळे वाटेतल्या एकट्यादुकट्या हल्ल्याला काही वजन राहत नाही. पर्यायी नियमात मात्र चारही दिवसांची दमछाक साठत जाते आणि शिवनाथेचा उतार ओलांडण्याआधी शिल्लक मंत्र मोजावे लागतात.

फेरफारांची नोंद एका पानावर ठेवावी, पान सर्वांना वाचता यावे, आणि प्रत्येक नवा नियम तीन बैठकांपुरताच आहे असे आधीच जाहीर करावे, म्हणजे तो मागे घेताना सूत्रधाराचा अभिमान आडवा येत नाही. लढाई चालू असताना नियम बदलू नये, मग तो कितीही चुकीचा ठरलेला असो. चालू लढाई जुन्याच नियमाने संपवून दुरुस्ती पुढच्या बैठकीपासून करावी. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले असल्यामुळे मूळ स्रोताचा उल्लेख करून ते मराठीत उतरवायला, आपल्या दुरुस्त्यांसह छापायला आणि वाटायलाही आडकाठी नाही. असे भाषांतर करताना सूत्रधाराला प्रत्येक नियम शब्दाशब्दाने वाचावा लागतो, आणि बदलायला निघालेले निम्मे नियम मुळात होते तसेच ठीक होते, हे बहुधा तेव्हाच त्याच्या ध्यानात येते.